उंबरठा कुणाचा, उतारा कशाचा?

सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर नळदुर्ग मागे पडले की थोड्याच वेळात जळकोट लागते. तुळजापूर तालुक्यातले, धाराशिव जिल्ह्यातले हे गाव. दुसरे जळकोट लातूर जिल्ह्यात, उदगीरच्या अंगाला. ते तालुक्याचे ठिकाण. लातूर जिल्हा १९८२ साली वेगळा झाला. त्याआधी ही दोन्ही जळकोटे तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात नांदत होती. एखाद्या पाव्हण्याने ‘जळकोटला निघालोय’ म्हटले की ऐकणारा विचारतो, ‘कुठलं? नळदुर्गचं का उदगीरचं?’ या एका प्रश्नाने माणूस शंभराहून अधिक किलोमीटर भलतीकडे जाण्यापासून वाचतो.

भाषांतरकाराचे निम्मे काम हा प्रश्न विचारण्याचेच असते. इंग्रजीत ‘इंटरेस्ट’ लिहिलेले दिसले की थांबायचे आणि विचारायचे: कुठला? सोसायटीच्या कर्जावरचे व्याज, तमाशातला रस, की जमिनीतला हितसंबंध? ‘चार्ज’ दिसला की विचारायचे: आरोप, आकार, कार्यभार, की बॅटरीतला भार? शब्द एकच, पण त्याच्या पोटात चार-चार गावे. मराठीत येताना त्यातले नेमके एक निवडावे लागते, आणि निवड चुकली की वाचणारा भलत्याच गावी उतरतो.

हे दुखणे फक्त मराठीचे आहे असे नाही. इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये भाषांतर करणाऱ्यांनाही ते छळते. फरक एवढाच की प्रत्येक भाषेला वेगळ्या जागी दुखते. ‘इंटरेस्ट’ स्पॅनिश माणसाला फारसा त्रास देत नाही. त्याच्याकडे लॅटिन घराण्यातला ‘इंतेरेस’ आहे, तो व्याजालाही चालतो आणि आवडीलाही. ‘करंट’चेही तसेच. स्पॅनिश ‘कोर्रिएन्ते’ विजेचा प्रवाह दाखवतो, नदीचा दाखवतो आणि बँकेतले चालू खातेही दाखवतो. मराठी माणूस मात्र वीज असेल तर ‘करंट’ म्हणतो, नदी असेल तर ‘प्रवाह’ किंवा ‘धार’, आणि बँकेत जाऊन ‘चालू खाते’ उघडतो. वर ‘चालू’ शब्दाचा आपला वेगळाच संसार. रस्त्याचे काम चालू असते, गाडी चालू करतात, आणि एखादा माणूसही चालू असतो.

उलट ‘टू बी’ या इंग्रजी क्रियापदापाशी स्पॅनिश भाषांतरकार अडतो. त्याला ‘सेर’ आणि ‘एस्तार’ यांत निवड करावी लागते. पहिले माणूस मुळात कसा आहे ते सांगते, दुसरे तो आत्ता कुठे आहे, कशा अवस्थेत आहे ते. ‘नो’ या क्रियापदाचेही दोन तुकडे होतात. माहिती असणे म्हणजे ‘साबेर’, ओळख असणे म्हणजे ‘कोनोसेर’. आपण तर त्याचे तीन तुकडे करतो. पत्ता माहीत असतो, सरपंचाला ओळखतो, आणि पोहता ‘येते’. ‘फिश’चे स्पॅनिशमध्ये ‘पेस’ आणि ‘पेस्कादो’ होतात: पाण्यात पोहणारा आणि पकडून बाजारात आणलेला. कोकणातल्या वाचकाला हा भेद समजावून सांगायची गरज नाही, त्याच्याकडे मासा आणि मासळी आधीपासूनच आहेत.

सर्वांत मजेशीर जुळणी व्याकरणातल्या लिंगात सापडते. इंग्रजी ‘कॅपिटल’ म्हणजे भांडवल आणि राजधानीही. स्पॅनिशमध्ये दोन्हींना ‘कापिताल’च म्हणतात, पण भांडवल पुल्लिंगी आणि राजधानी स्त्रीलिंगी. ‘ओर्देन’ पुल्लिंगी असेल तर क्रम, स्त्रीलिंगी असेल तर हुकूम. ऐकायला हे विचित्र वाटेल, पण मराठी माणूस रोज तेच करतो. ‘मला वेळ मिळाला नाही’ यातला वेळ पुल्लिंगी, तो मोजून वापरायचा काळ. ‘गाडीची वेळ टळली’ यातली वेळ स्त्रीलिंगी, घड्याळातला एक क्षण. इंग्रजीत दोन्हींना ‘टाइम’. ‘तो वेळ’ की ‘ती वेळ’ हे मराठी मूल शाळेत जायच्या आधी शिकते. भाषांतराचे यंत्र मात्र इथे हमखास चाचपडते.

आणखी एक शब्द, दिसायला अगदी साधा: ‘वी’. स्पॅनिशमध्ये ‘नोसोत्रोस’ म्हटले की काम भागते. मराठीत ‘आम्ही’ की ‘आपण’ हे आधी ठरवावे लागते. ऐकणाऱ्याला धरून की त्याला वगळून? ग्रामसभेत ‘आपण पाणीपट्टी भरू’ आणि ‘आम्ही पाणीपट्टी भरू’ या दोन वाक्यांत पैसे कुणाच्या खिशातून जाणार हेच बदलते. मंत्रालयाच्या किंवा कंपनीच्या इंग्रजी मसुद्यातला ‘वी’ मराठीत आणणाऱ्याला हे माहीत हवे. मसुदा ते सांगत नाही.

आता घरचे पाहू. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी झाले आणि त्याच वर्षी जुलैत भाषा संचालनालय उभे राहिले. १९६२ साली पदनाम कोश आला. त्याची त्या काळी ‘बदनाम कोश’ म्हणून यथेच्छ टिंगल झाली. ‘संचालक’, ‘अधीक्षक’, ‘आयुक्त’ या शब्दांना लोक हसले. आज तेच शब्द चहाच्या टपरीवर कुणाच्याही तोंडी सहज येतात. ‘डायरेक्टर’ शब्दापाशी तर मराठीने बाजी मारली आहे. इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्येही साखर कारखान्याचा, सिनेमाचा आणि सरकारी खात्याचा डायरेक्टर एकाच नावाचा. मराठीत कारखान्याचा तो संचालक. सिनेमाच्या डायरेक्टरसाठी ‘दिग्दर्शक’ रूढ झाला तो सावरकरांच्या शब्दमोहिमेतून. दोघांची सरमिसळ मराठीत आता कुणी करत नाही. अनेकार्थी परका शब्द फोडून दोन स्वच्छ शब्द करता येतात आणि ते लोकांच्या अंगवळणीही पडतात, याचा हा पुरावा.

म्हणजे सरकारी मराठी मुळातच वाईट, ही तक्रार सरसकट खरी नाही. ‘रिझोल्यूशन’ पाहा. गावच्या ग्रामसभेने केले तर तो ‘ठराव’, मंत्रालयाने केले तर तो ‘शासन निर्णय’. इंग्रजीत दोघांची पायरी एकच दिसते. मराठीने मात्र कुणाच्या कागदात किती दम आहे ते शब्दातच सांगून टाकले. ग्रामसभा ठरवते, शासन निर्णय घेते.

घोटाळा होतो तो ‘मायनर’सारख्या शब्दाशी. मायनर इरिगेशन म्हणजे लघु पाटबंधारे, मायनर मिनरल्स म्हणजे गौण खनिज, मायनर जखम किरकोळ. तीन ठिकाणी तीन शब्द, सगळे चपखल. पण माणूस मायनर असला की कायद्याच्या मराठीत तो ‘अज्ञान’ होतो. सातबाऱ्यावर वारसाच्या नावाला ‘अ.पा.क.’ लागते, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. दहावीला नव्वद टक्के मिळवलेला मुलगा वडील गेल्यावर फेरफारात अज्ञान ठरतो आणि आई त्याच्या अज्ञानाची पालनकर्ती. ‘अल्पवयीन’ हा शब्द मराठीला ठाऊक आहे, वर्तमानपत्रे तो रोज छापतात. महसुली कागद मात्र जुन्याच शब्दाला चिकटून आहे. ‘इश्यू’चेही असेच. वारसाहक्काच्या इंग्रजी कागदात कुणी ‘विदाउट इश्यू’ वारले असे लिहिलेले असते, म्हणजे मूलबाळ नसताना. ‘इश्यू’चा एकच अर्थ माहीत असलेल्या भाषांतरकाराच्या हाती तो कागद लागला, तर ते गृहस्थ ‘कोणत्याही मुद्द्याविना’ वारले असे व्हायचे.

यात कोशांचा दोष नाही. मोल्सवर्थने सुरू केलेला आणि थॉमस कँडीने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली छापला गेला. शासनाचे व्यवहार कोश त्यानंतर सव्वाशे वर्षांनी आले. अशा कोशांत एका शब्दापुढे अनेक प्रतिशब्द मांडलेलेच असतात. गफलत होते ती कोश उघडून पहिल्याच प्रतिशब्दावर बोट ठेवणाऱ्या टेबलापाशी. कोश जळकोटांची यादी देतो. कुठले जळकोट, हे विचारायचे काम त्याचे नाही.

जळकोटच्या परिसराला परभाषेतून कारभार झेलण्याची सवय नवी नाही. निजामाशी झालेल्या १८५३ च्या तहानंतर काही वर्षे हा भाग कंपनी सरकारकडे होता, आणि नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार पाहायला आला फिलिप मेडोज टेलर. ठगांवरच्या त्याच्या कादंबरीने १८३९ सालीच विलायतेत त्याचे नाव केले होते. तिच्यामुळे जे शब्द इंग्रजी वाचकांच्या तोंडी बसले त्यांत ‘ठग’ आघाडीवर. आपल्याकडे ठक म्हणजे गोड बोलून फसवणारा. ठकास महाठक भेटतो तो याच अर्थाने. इंग्रजीत गेल्यावर आधी तो वाटसरूचा गळा आवळणारा झाला आणि पुढे कुठलाही दांडगट. आता इंग्रजी बातमीतला ‘थग’ मराठीत आणताना ‘ठग’ लिहिले तर चूक होते, तिथे ‘गुंड’ हवा. आपलेच पोर परदेशी जाऊन इतके बदलले की परत आल्यावर घरच्यांनी ओळखू नये. स्पॅनिशमध्ये त्याला ‘मातोन’ म्हणतात. तिथे निदान हा घरगुती गोंधळ नाही.

टेलर गेला, मुलूख पुन्हा निजामाकडे आला आणि पुढे कारभाराची भाषा उर्दू झाली. हैदराबादेत १९१७ साली खास भाषांतरासाठी ‘दारुल तर्जुमा’ नावाचे खाते निघाले. मौलवी अब्दुल हक यांच्यासारखे विद्वान त्यात होते. पुढच्याच वर्षी निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञान, कायदा, वैद्यक उर्दूतून शिकवायचे, म्हणून इंग्रजी संज्ञांना हजारोंनी उर्दू प्रतिशब्द घडवले गेले. इंग्रजी शब्दाच्या पोटातले अर्थ वेगळे करून प्रत्येकाला स्वतंत्र संज्ञा देण्याचा एवढा मोठा सरकारी खटाटोप तेव्हाच्या हिंदुस्थानात विरळाच. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी संपली आणि यथावकाश ते सारे शब्द ग्रंथालयात गेले.

पण सगळे गेले नाहीत. मराठवाड्यातल्या जमिनीच्या भांडणात आजही ‘मुंतखब’ काढायला सांगतात, ‘सेतवार’ शोधतात, ‘खासरा पत्रका’वरून वाद घालतात. मुंतखब म्हणजे मुळात ‘निवडलेले’. इनाम जमिनीच्या संदर्भात तो हक्काचा दस्त झाला. उर्दूचा गंध नसलेला म्हाताराही तो शब्द बिनचूक वापरतो, कारण त्या शब्दाला त्याच्या शेताचा बांध चिकटलेला आहे. विद्वानांनी बसून घडवलेली रसायनशास्त्राची परिभाषा विरली, तलाठ्याच्या दप्तरातला शब्द उरला.

एवढे सगळे सांगायचे कारण एक शब्द आहे, आणि तो धाराशिवच्या शेतकऱ्याच्या खिशाशी जोडलेला आहे. तो शब्द म्हणजे ‘उंबरठा उत्पादन’.

पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ साली आली. तिच्या इंग्रजी नियमांत ‘थ्रेशोल्ड यील्ड’ अशी संज्ञा आहे. दोन्ही शब्द अनेकार्थी. ‘थ्रेशोल्ड’ म्हणजे दाराचा उंबरठा, आणि एखादी गोष्ट जिच्यापासून लागू होते ती सीमाही. ‘यील्ड’ म्हणजे पिकाचे उत्पादन, रोख्यावरचा परतावा, आणि रस्त्यावर दुसऱ्या गाडीला वाट देणेही. मराठीत याचे झाले ‘उंबरठा उत्पादन’, आणि वर्षानुवर्षे शासन निर्णयांत, अधिसूचनांत, विमा पुस्तिकांत तेच छापले जाते.

त्याचा अर्थ काय? एका महसूल मंडळातल्या एका पिकाचे मागच्या सात वर्षांतले चांगल्या पाच वर्षांचे सरासरी उत्पादन घ्यायचे, त्याला जोखीमस्तराने गुणायचे. राज्यात हा स्तर ७० टक्के धरलेला असतो. समजा सरासरी हेक्टरी १४०० किलो सोयाबीन असेल, तर उंबरठा उत्पादन ९८० किलो. पीक कापणी प्रयोगात मंडळाचे प्रत्यक्ष उत्पादन त्याहून जितके कमी भरेल, तितक्या टक्क्यांनी भरपाई. ७३५ किलो भरले तर तूट २४५ किलोंची, म्हणजे उंबरठ्याच्या पाव हिश्श्याची, आणि भरपाई विमा संरक्षित रकमेच्या २५ टक्के. ९८१ किलो भरले तर काहीच नाही. हिशेब सरळ आहे, पाचवीच्या पोराला जमेल असा.

अडचण शब्दाची आहे. मराठीत उंबरठा म्हटले की माणूस तिथून आत येतो किंवा बाहेर पडतो. तो काहीतरी सुरू होण्याची खूण असतो. तारुण्याच्या उंबरठ्यावर, विसाव्याच्या उंबरठ्यावर. त्याच्या ‘खाली’ काही जाते असे मराठी मनात येत नाही. उंबरठा ओलांडतात, त्याच्या खाली घसरत नाहीत. इंग्रजी शब्दात मर्यादेचा अर्थ रुळलेला आहे. मराठीत आणताना तो दारातच राहिला आणि आत आले ते नुसते लाकूड.

आणि याच शेतकऱ्याकडे त्या वस्तूसाठी रोजचा शब्द आहे: ‘उतारा’. ‘यंदा एकरी उतारा काय पडला?’ हा प्रश्न आठवडी बाजारात कुणीही कुणाला विचारतो. साखर कारखान्याची तर सगळी भाषाच साखर उताऱ्याची. खरे म्हणजे ‘उतारा’ हा इंग्रजीलाही लाजवेल इतका अनेकार्थी शब्द. सातबाऱ्याचा उतारा तलाठ्याकडून मिळतो, पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यावर प्रश्न येतात, विषावर उतारा देतात, बाहेरची बाधा झाली म्हणून तिन्हीसांजेला कुणी उतारा टाकते. तरीही ‘उतारा काढून आण’ म्हटल्यावर कुणी लिंबू-नारळ घेऊन येत नाही. बोलणारा कोण, जागा कुठली, काम कोणते, यावरून अर्थ आपसूक कळतो. लोकांना अनेकार्थी शब्दांचे वावडे नाही. त्यांना अडतो तो अनोळखी जागी ठेवलेला ओळखीचा शब्द.

ज्या ‘मंडळा’वर हे उत्पादन मोजतात तो शब्दही पाहण्यासारखा आहे. महसुली ‘सर्कल’चे मराठीत मंडळ झाले. पाऊस मंडळात मोजतात, गणपती मंडळात बसवतात, परीक्षा मंडळ घेते आणि पंचनामा मंडळ अधिकारी करतो. या गर्दीत कधी कुणाची फसगत झाल्याचे ऐकिवात नाही, कारण प्रत्येक मंडळाला आपापली जागा आहे.

हा शब्दच्छल नाही, कारण २०२५ च्या खरिपापासून राज्यात विम्याची पद्धत बदलली. एका रुपयात विमा बंद झाला, स्थानिक आपत्तीसारखी जादा संरक्षणे गेली आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर येऊन ठेपली. म्हणजे पूर्वी जो शब्द अनेक कलमांपैकी एक होता, तोच आता सगळा भार उचलतो आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाडा पाण्याखाली गेला. काढणीला आलेले सोयाबीन शेतातच कुजले. तेव्हा ज्याला ‘उंबरठा उत्पादन’ म्हणजे काय ते समजत होते, तो निदान आपल्याला किती मिळू शकते याचा हिशेब मांडू शकत होता.

त्याच पुरात भाषांतराची दुसरी बाजूही दिसली. शेतकरी ‘ओला दुष्काळ’ जाहीर करा म्हणत होते. सरकारकडून उत्तर आले की नियमावलीत तशी संज्ञाच नाही, दुष्काळातल्या सवलती मात्र देऊ. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेचा पाया इंग्रजी ‘ड्रॉट’ आहे. त्याचे मोजमाप पावसाची तूट, जमिनीतला ओलावा, पिकाची हिरवाई यांवर चालते. सगळे कोरडेपणाचे निकष. मराठी ‘दुष्काळ’ हा दुः आणि काळ मिळून झालेला शब्द. वाईट काळ, मग तो पाण्यावाचून असो की पाण्याने. इंग्रजी ‘ड्रॉट’ आणि ‘फॅमिन’ वेगळे करते, मराठी दोन्हींना दुष्काळ म्हणते आणि आपल्या सोयीने त्याला कोरडा नाहीतर ओला करते. इंग्रजी शब्द मराठीत ‘दुष्काळ’ म्हणून आणला, पण त्याची व्याख्या इंग्रजीच राहिली. लोक आपला शब्द वाचत होते, अधिकारी त्यांचा. याआधी २०१६ च्या मे महिन्यातही राज्याला हजारो गावांसाठी ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ऐवजी ‘दुष्काळ’ वाचावे असा खुलासा काढावा लागला होता. ‘सदृश’ या तीन अक्षरांना किती किंमत असते, ते त्या उन्हाळ्यात कळले.

यावर कायद्याची बाजू मांडता येईल, आणि ती मांडायला हवी. कायद्याला पक्का, न हलणारा शब्द लागतो. ‘उतारा’ धाराशिवला चालेल, विदर्भात-खानदेशात दुसरे काही म्हणत असतील. प्रत्येक जिल्ह्यासाठी वेगळी अधिसूचना कशी काढणार? शिवाय राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमाने इंग्रजी पाठालाच अधिकृत मान दिलेला आहे. राज्याचा कायदा मराठीत झाला तरी त्याचा राजपत्रातला इंग्रजी अनुवाद अधिकृत ठरतो. मग प्रतिशब्द इंग्रजीच्या जवळचा असलेला बरा, म्हणजे कोर्टात घोळ नको.

युक्तिवाद चुकीचा नाही, अपुरा आहे. कोर्टासाठी व्याख्या ठेवावी, पण अधिसूचना कोर्टासाठी निघत नाही. ती गावच्या फलकावर लागते. तिचा पहिला वाचक वकील नसून चार एकरांचा धनी असतो. व्याख्येखाली त्याच्या भाषेत एक वाक्य घालायला कुठले कलम आड येत नाही. ‘थ्रेशोल्ड’साठी आणखी चपखल शब्द शोधावा की नाही हा वाद विद्वानांनी खुशाल घालावा. ‘हमी उत्पादन’ म्हणावे तर हमी कोणाची, असा पेच पडेल. ‘किमान उत्पादन’ म्हणावे तर ते अपेक्षित उत्पादन वाटेल. शब्द कोणताही घेतला तरी काही ना काही सांडणारच. म्हणूनच एकट्या शब्दावर विसंबून चालत नाही, त्याला वाक्याचा आधार द्यावा लागतो.

एका शब्दाने माणसाचे आयुष्य कसे उलटते याचे स्पॅनिशमधले उदाहरण भाषांतराच्या वर्गांत जगभर शिकवले जाते. १९८० साली अमेरिकेतल्या फ्लोरिडात एका अठरा वर्षांच्या मुलाला बेशुद्ध अवस्थेत दवाखान्यात आणले. क्युबाहून आलेल्या घरच्यांनी सांगितले, तो ‘इंतोक्सिकादो’ आहे. त्यांच्या बोलीत याचा अर्थ, खाण्यापिण्यातून काहीतरी बाधले. दवाखान्यात ते इंग्रजी ‘इंटॉक्सिकेटेड’ म्हणून ऐकले गेले आणि मादक पदार्थाचा अतिरेक समजून उपचार झाले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होत होता. मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले. नुकसानभरपाईची तडजोड सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरची झाली. दोन्ही बाजूंना वाटत होते की शब्द आपल्याला समजला, म्हणून ‘म्हणजे नेमके काय झाले?’ असे कुणीच विचारले नाही.

आपल्याकडेही नळदुर्ग-उमरगा पट्ट्यात मराठीबरोबर दखनी, कन्नड आणि तांड्यांवरची गोरबोली कानी पडते. बाहेरून आलेल्या तरुण डॉक्टरला इथे पुस्तकी मराठीही अपुरी पडते. ‘म्हाताऱ्याच्या अंगावरून वारं गेलं’ म्हणजे झुळूक नव्हे, अर्धांगवायू. ‘अंगावरून जातंय’ म्हणजे बाईचा रक्तस्राव. ‘उन्हाळी लागली’ म्हणजे लघवीची जळजळ. उन्हाळी भुईमुगाशी त्याचा संबंध नाही. ‘पोराला लागलं’ म्हणजे जखम झाली, ‘पाणी लागलं’ म्हणजे परगावचे पाणी मानवले नाही. ही वाक्ये जशीच्या तशी मोबाइलच्या भाषांतरात घातली, तर पलीकडे काय निघेल याची कल्पना करून पाहावी.

मोबाइलचा विषय आता टाळता येत नाही. गूगलच्या भाषांतर सेवेत मराठी २०१३ साली आली आणि २०१७ पासून ती मज्जातंतूंच्या जाळ्यासारख्या नव्या पद्धतीवर चालू लागली. केंद्र सरकारची ‘भाषिणी’ २०२२ साली निघाली. यंत्राला अनेकार्थी शब्द का जमत नाहीत, यावर यहोशुआ बार-हिलेल या अभ्यासकाने १९६० सालीच बोट ठेवले होते. लहान मुलाची खेळण्यांची पेटी ‘पेन’मध्ये होती, या अर्थाचे त्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. इथे ‘पेन’ म्हणजे लेखणी नसून मूल खेळते ठेवायचे छोटे कुंपण. पेटी लेखणीत मावत नाही, हे माणसाला सांगावे लागत नाही. यंत्राला जगाचा हा आकार कुठून कळणार, असा त्याचा सवाल होता.

आजची यंत्रे ते वाक्य बहुधा बरोबर सोडवतील. त्यांनी माणसांनी केलेली कोट्यवधी भाषांतरे वाचली आहेत. पण इथे स्पॅनिश आणि मराठी एका पंगतीत बसत नाहीत. स्पॅनिश ही संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांपैकी एक, युरोपीय संघाचीही अधिकृत भाषा. तिथला शब्द न् शब्द तयारीच्या भाषांतरकारांकडून रोज दोन्ही भाषांत शेजारी-शेजारी लिहिला जातो आणि यंत्र त्यावर पोसते. मराठी बोलणारे २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख होते, म्हणजे संख्येची वाण नाही. वाण आहे ती इंग्रजीशी ओळीला ओळ जुळवलेल्या, जबाबदारीने केलेल्या मराठी मजकुराची. विधिमंडळाची विधेयके, कायदे, विभागांच्या पुस्तिका अशी पुष्कळ सामग्री सहा दशकांत साठली आहे. ती शेजारी-शेजारी मांडून सर्वांसाठी खुली करणे हे काम भाषा संचालनालयाच्या आवाक्यातले आहे.

आणि यंत्र कितीही सुधारले तरी भाषांतराच्या बटणाची एक खोड राहते. ते अडखळत नाही. ‘कुठलं जळकोट?’ असे न विचारता ते एका झटक्यात एक उत्तर देते, आणि ते इतक्या सफाईदार मराठीत असते की शंका घ्यावी असे वाटत नाही. सरकारी टेबलावरचा दमलेला भाषांतरकारही तेच करतो. म्हणून कोणतीही इंग्रजी योजना मराठीत आणताना मसुदा छापण्याआधी तीन-चार गावांत वाचून दाखवण्याची पद्धत घालावी. ऐकणाऱ्याने त्याला काय कळले ते आपल्या शब्दांत सांगायचे, आणि जिथे तो अडखळेल तिथे खूण करायची. परिभाषा कोशात नुसत्या प्रतिशब्दांऐवजी प्रत्येक अर्थाचे वापरातले एक वाक्य द्यावे. टोल, बँक, चार्ज, नोटीस हे शब्द लोकांनी पचवलेले आहेत, तिथे पथकरासारखे नवे काढून घोळ वाढवू नये. आणि ‘अज्ञान’ मुलांना तेवढे महसुली दप्तरात अल्पवयीन करून टाकावे. त्याला ना निधी लागतो ना समिती.

पुढच्या खरिपाची अधिसूचना जळकोट मंडळासाठीही निघेल. तिच्यात सोयाबीन, तूर, उडीद अशी पिके असतील आणि प्रत्येकापुढे हेक्टरी किलोंत उंबरठा उत्पादन. शेतकरी हेक्टर बोलत नाही, एकर बोलतो. किलो बोलत नाही, क्विंटल नाहीतर पोती बोलतो. हेक्टरी १००० किलो म्हणजे एकरी सुमारे ४ क्विंटल. त्या आकड्याशेजारी ‘मंडळाचा सरासरी उतारा एकरी एवढ्या क्विंटलच्या खाली गेला तर भरपाई सुरू’ अशी एक ओळ बसेल इतकी जागा तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात आहे. सध्या तिथे ‘शेरा’ छापलेले असते आणि खाली काहीच लिहिलेले नसते.